इंजिन तेच, घर वेगळं

जुनी गाडी विकायला काढणारा माणूस बहुधा डॉक्टर असतो. तो स्वतः नसला, तर गाडी तरी डॉक्टरांनी वापरलेली असते. ‘सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड, शोरूम कंडिशन’ या मंत्राने सुरू होणाऱ्या जाहिराती वाचून वाचून सातारा जिल्ह्यात पेशंटपेक्षा डॉक्टरच जास्त असावेत, अशी माझी समजूत व्हायला लागली होती. डॉक्टरांच्या खालोखाल बँक मॅनेजर. त्यांच्यानंतर ‘गाडी फक्त देवाला जायला वापरलीय’ असं सांगणारे भाविक. देव तुळजापूरचा की तिरुपतीचा, आणि वर्षातून किती वेळा, हे मात्र आपण विचारावं लागतं. एका भाविकाच्या गाडीचं रनिंग बघता त्याला एव्हाना मोक्ष मिळायला हवा होता.

आम्हाला गाडी हवी होती ती घाटासाठी. माझं माहेर चिपळूणच्या अलीकडे. साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली उतरायचा. जाताना गाडीत आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. येताना तीच चौघं, शिवाय तांदळाचं पोतं, आमसुलं, कोकमाच्या बाटल्या आणि मोसमाप्रमाणे फणस किंवा आंब्याच्या पेट्या. माहेरच्या माणसांना गाडीत पाय ठेवायला जागा दिसली की अपमान झाल्यासारखं वाटतं. आमच्या छोट्या पेट्रोल गाडीने बरीच वर्षं हे निमूट सोसलं. मग एका चढावर तिने पहिल्या गिअरमध्येही नकार दिला आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “मी उतरू का?” त्या रात्री नवऱ्याने एक्सेल शीट उघडली. घरात काहीही अडलं की तो आधी एक्सेल उघडतो.

बाजारात आज ज्या जुन्या डिझेल गाड्या आहेत, त्या बहुतेक एका विशिष्ट घाईतून जन्माला आलेल्या आहेत. २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचा दर मोकळा सोडला, डिझेलचा मात्र धरून ठेवला. २०१२ च्या उन्हाळ्यात दोघांमध्ये लिटरमागे तीसेक रुपयांचं अंतर पडलं, आणि ज्यांची रोजची मजल घर ते मंडई एवढीच होती, त्यांनीही लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल गाड्या घेतल्या. ते लाखभर रुपये वसूल व्हायला मंडई निदान पंढरपुरात तरी असायला हवी होती. पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा पन्नासेक पैशांनी चढत गेलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू होताना मारुतीने डिझेलला रामराम ठोकला. आता ते अंतर निम्म्याहूनही कमी झालंय. तेव्हा ज्याला महिन्यातून एकदा तरी घाट चढायचाय आणि डिकीत पोतं टाकायचंय, त्यानेच आज जुनं डिझेल घ्यावं, असं माझं मत आहे. भाजी आणायला चालत जावं.

एका एजंटाने आम्हाला दिल्ली पासिंगची एक चकचकीत गाडी दाखवली. किंमत ऐकून नवऱ्याचे डोळे लकाकले. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून हरित लवादाच्या आदेशाची टांगती तलवार आहे, त्यामुळे तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात. आपल्याकडे पंधरा वर्षांचं पासिंग असतं, नंतर फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायचं. म्हणजे दिल्लीत म्हातारी ठरलेली गाडी साताऱ्यात आली की पुन्हा प्रौढ होते. सासूबाईंना ही सोय फार आवडली. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं एक्सेलमध्ये भरल्यावर लकाकी उतरली.

शेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्ही २०१४ च्या, म्हणजे २०२९ पर्यंत निर्धास्त. एक कराडची पांढरी स्विफ्ट डिझायर, पावणेचार लाख. दुसरी वाईची फियाट लिनिया, रंग ज्याला मातकट म्हणावं की सोनेरी यावर घरात एकमत नाही, दोन लाख. नवऱ्याने दोघींसाठी दोन रकाने केले आणि पहिल्याच ओळीला अडला. इंजिन: १२४८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो डिझेल. दुसऱ्या रकान्यातही तेच. त्याला वाटलं, कॉपी-पेस्ट करताना काहीतरी गडबड झाली.

गडबड नव्हती. हे इंजिन फियाटचं. डिझेलला प्रचंड दाबाखाली एका सामाईक नळीत भरून ठेवायचं आणि तिथून विजेच्या इशाऱ्यावर सिलिंडरमध्ये फवारायचं, ही कॉमन रेल पद्धत गाडीत आणण्याचं बरंच काम इटलीत फियाटच्या लोकांनी केलं. पुढे त्यांनी ते बॉशला विकलं. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मधून ती बाजारात आली. नंतर एकाच मोठ्या फवाऱ्याऐवजी लहान लहान अनेक फवारे मारायचं तंत्र निघालं, त्यामुळे डिझेलचा तो जुना ट्रॅक्टरी खडखडाट कमी झाला. ते तंत्र घेऊन २००३ मध्ये हे लहानसं १.३ मल्टिजेट आलं. भारतात ते मानेसरला मारुतीसाठी आणि पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात बनायला लागलं. मग काय विचारता! मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, शेवरोलेने स्मार्टेक. स्विफ्ट, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, व्हिस्टा, मांझा, झेस्ट, पुंटो... एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेटं उघडली तर निम्म्या गाड्या भावंडं निघायच्या. गाडीवेडे लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. २०१२ च्या सुरुवातीला तर डिझेल गाड्यांची मागणी पुरी होईना, म्हणून मारुतीने फियाटकडूनच वर्षाला एक लाख इंजिनं घ्यायचा करार केला. म्हणजे कराडच्या मारुतीतलं इंजिनही कदाचित रांजणगावचं असेल. वाईची आणि कराडची एकाच गावाहून आलेली.

आमच्या मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान वरही केली नाही. “वहिनी, हिकडचं काढून तिकडं बसवलं तर त्याला सोताला कळायचं न्हाई. इंजिन बघू नका. माणूस बघा.”

इंजिन एकच असताना एकीला पावणेचार लाख आणि दुसरीला दोनच, असं का, हा प्रश्न मला गाडीपेक्षा जास्त रंजक वाटला. डिझायर सगळ्यांच्या ओळखीची. तिचा सुटा भाग पाटणच्या स्टँडसमोरही मिळेल, असा लोकांचा विश्वास आहे आणि तो बराचसा खरा आहे. लिनियाचं नाव काढलं की लोक आवाज खाली आणून बोलतात. “गाडी चांगलीय हो, पण...” या ‘पण’ची किंमत पावणेदोन लाख. फियाटच्या गाड्या टाटांच्या शोरूममधून विकायची व्यवस्था होती, ती मोडायचं २०१२ मध्ये ठरलं. पुढे काही वर्षांनी फियाटने इथे आपल्या गाड्या विकणंच थांबवलं. रांजणगावात आता जीप बनतात. लिनिया ही त्यामुळे माहेर तुटलेल्या बाईसारखी झाली आहे: तिच्यात काही कमी नाही, पण लोक तिच्याकडे काळजीने बघतात आणि भाव पाडून बोलतात.

बाकीच्या रकान्यांतले फरक मात्र खरे होते. डिझायरची डिकी ३१६ लिटरची, लिनियाची ५००. यामागे अर्थमंत्र्यांचा हात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनांच्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. पहिली डिझायर चार मीटरहून लांब होती, डिकी ४४० लिटरची. २०१२ ची दुसरी डिझायर आली ती ३९९५ मिलिमीटरची. मागची बाजू कशी कापली आहे, ते बाजूने बघितलं की दिसतं. कुणीतरी ‘बास, इथेच’ असं ओरडल्यावर गाडी थांबवली असावी. जे पाच मिलिमीटर उरले त्यांवर किती रुपये वाचले असतील, याचा हिशेब नवऱ्याने केला. मी मात्र माझ्या १२४ लिटरचा केला, कारण तांदळाचं पोतं कुठे ठेवायचं हे सरकार सांगत नाही.

अर्थात लांबीला वजन चिकटतं. लिनिया डिझायरपेक्षा शंभर किलोहून जास्त जड. तेच इंजिन इकडे ९३ हॉर्सपॉवरचं आहे आणि तिकडे ७५, तरी कागदावरचं ॲव्हरेज डिझायरचं २३.४ आणि लिनियाचं वीसच्या जरा वर. नवऱ्याने या तीन किलोमीटरांना पिवळा रंग दिला.

आधी कराड. मिस्त्रींनी बजावलं होतं, की गाडी सकाळी थंड असतानाच बघायची, आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका असं फोनवर सांगायचं, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. ठेवला. बॉनेट कोमट होतं. “मुलगा दूध आणायला गेला होता,” मालक म्हणाले. समोरच डेअरी होती. घरचे लोक अगत्याचे. पोहे आले, चहा आला. मालकांनी चावी नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याला गाडी येत नाही. त्याने ती माझ्याकडे दिली. मालकांनी ती माझ्याकडून घेऊन पुन्हा त्याला दिली. असा तो चावीचा मुंजीतला नारळ थोडा वेळ फिरला, मग मी गाडीत जाऊन बसले.

मीटरवर ६८ हजार. गाडी स्वच्छ, डॅशबोर्डला कसलंसं पॉलिश, वास नव्या सोफ्याचा. पण क्लचच्या पेडलवरचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालेलं, आणि स्टीअरिंग डाव्या-उजव्या हाताच्या जागी असं चकाकत होतं, की त्यात मला माझं नाक दिसलं. नवरा बाहेर काचा वाचत होता. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची बारीक खूण असते, हे त्याने कुठेसं वाचलं होतं. पुढची काच २०१९ ची निघाली. “दगड लागला होता,” मालक म्हणाले. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. टायर एकदम नवे होते. “किती वेळा बदलले?” मी विचारलं. “हे दुसरे... म्हणजे तिसरे,” मालकांचा मुलगा म्हणाला, आणि वडिलांनी त्याला आणखी चहा आणायला आत पाठवलं. सर्व्हिसच्या नोंदी चार वर्षांपर्यंत होत्या. पुढचं काम ‘बाहेर, ओळखीच्या माणसाकडे’.

गाडी चालवायला छान होती, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. हलकी, चटपटीत, हायवेला पाण्यासारखी. मी घाटाकडे वळू का म्हटलं तर मालक म्हणाले, “कशाला उगाच? हायवेलाच खरी कळते.” या इंजिनाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली झोप येते, टर्बो जागा झाला की ते एकदम धावत सुटतं. सपाट हायवेला ही सवय कळत नाही. यात काही लबाडी असेलच असं नाही. कुणीही पाहुण्यांना आपल्या घरातली बरी खोलीच दाखवतो.

वाईचे काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, वर्कशॉपमधले. बॉनेट बर्फासारखं गार. त्यांनी स्वतःच ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं आणि म्हणाले, “वाफ बघा.” वाफ फारशी नव्हती. मीटरवर १ लाख ५४ हजार. नवऱ्याने हा आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. मग काकांनी डायऱ्या आणल्या.

मी आयुष्यात बरीच आत्मचरित्रं वाचली आहेत, पण इतकं प्रामाणिक वाचलेलं नाही. प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, लिटर, दर, पंप, किलोमीटर, ॲव्हरेज. ऑइल बदललं तो दिवस, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी. आणि शेजारच्या ‘शेरा’ रकान्यात बाकी सगळं जग. ‘पसरणी घाटात माकडाने मागचा वायपर ओढला’ असं लिहून मग काट मारलेली, कारण लिनियाला मागे वायपर नाही. खाली दुरुस्ती, ‘एरिअल ओढली’. ‘मुंबईस लग्न, पार्किंगमध्ये दार घासले, दोष माझा.’ ‘हिला म्हणालो एसी बंद ठेवून जाऊ. ॲव्हरेज २१.४. ही बोलत नाही.’ दोन पानांनंतर: ‘एसी चालू. ॲव्हरेज १८.२. बोलणे सुरू.’ तुम्हाला सांगते, तिथेच माझा निर्णय झाला. नवरा मात्र अजून आकड्यांच्या बाजूने होता. ६८ हजार हे १ लाख ५४ हजारांपेक्षा कमी आहेत, हे त्याचं म्हणणं गणित म्हणून बिनचूक होतं. मी त्याला विचारलं, की तू यांतल्या कुठल्या आकड्यावर सही करशील? तो डायरी घेऊन पायरीवर बसला आणि तास-दीड तास उठला नाही. त्याला त्याच्या जातीचा माणूस भेटला होता.

पसरणी घाटात काकांनी मला एकटीला चालवू दिली आणि स्वतः मागे बसले. वळणावर गिअर उतरवायला जरा उशीर झाला की इंजिन पेंगायचं. मागून फक्त “तिसरा नको, दुसरा” एवढंच यायचं. दोनदा ऐकल्यावर जमलं. जड गाडी वळणावर रस्ता सोडत नव्हती. हे आता माझं वैयक्तिक मत: घाटात तीन किलोमीटर ॲव्हरेज कमी मिळालं तरी चालेल, पण वळणावर पोटातली साबुदाण्याची खिचडी जागेवर राहायला हवी.

सासूबाईंची परीक्षा वेगळी. त्यांनी दोन्ही गाड्यांत बसून, उठून बघितलं. गुडघ्यांच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच खोल. लिनियात मागच्या सीटला एसीचा वेगळा झरोका आहे, त्याची गार हवा नेमकी गुडघ्यांवर येते, म्हणून त्यांनी तो आधी बंद करायला लावला. गाडीचं नाव ऐकून त्या थोड्या थबकल्या. त्यांचं बालपण गिरगावातलं. त्यांच्या लेखी फियाट म्हणजे कुर्ल्यात बनलेली पद्मिनी, काळी-पिवळी. त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांनी टीव्हीसमोर बसून डोळे पुसले होते. आता त्यांनी डॅशबोर्ड डावीकडून उजवीकडे निरखला आणि काकांना विचारलं, “मीटर काढून घेतलंत वाटतं?”

काका हसले नाहीत. “ॲव्हरेज दाखवतं हो हे मीटर,” म्हणाले.

मिस्त्री वाईला येऊन गाडीखाली आडवे झाले. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. बाहेर आल्यावर त्यांनी एक-दोन बुश, टायमिंग चेनचा आवाज आणि पुढच्या वर्षी क्लच, असा हिशेब सांगितला. तो सगळा खर्च धरूनही कराडच्या निम्म्याच्या थोडंच वर जात होतं. सुट्या भागांचं काय, हा नवऱ्याचा शेवटचा किल्ला. मिस्त्री म्हणाले, इंजिनाचं म्हणाल तर मारुतीचं, टाटाचं, कुठलंबी चालतंय. दार, बंपर, दिवा असलं काय फुटलं तर मात्र हुडकाय लागंल.

कराडच्या मालकांना मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते सज्जनपणे बोलले. गाडी त्याच आठवड्यात गेली, असं नंतर कळलं. डिझायर कधी पडून राहत नाही.

वाईला घासाघीस झालीच नाही. काकांनी दोन लाखांचे एक लाख नव्वद स्वतःच केले, कारण त्यांच्या हिशेबाने बॅटरीचं आयुष्य संपत आलं होतं आणि ते त्यांनी डायरीत लिहून ठेवलेलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, विम्याचे कागद, पीयूसी, दुसरी चावी. डायऱ्या नवऱ्याने आधीच बगलेत मारल्या होत्या. काका म्हणाले, “एक मिनिट,” आणि आत गेले.

ते परत आले ते एक खोका घेऊन. फियाट इथून जाणार अशी कुणकुण लागल्यापासून ते दिसेल तिथून लिनियाचे भाग घेऊन ठेवत होते. डावा आरसा. उजवा आरसा. हेडलाइटची एक जोडी, अजून प्लॅस्टिकमध्ये. दाराच्या मुठी. क्लिपांची पाकिटं, प्रत्येकावर चिठ्ठी. मग दुसरा खोका, मग जिन्यावरून हळूहळू उतरवत एक अखंड पुढचा बंपर. काकू दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी पदर खोचला आणि स्वतः माळ्याखालची शिडी धरली.

“तो काळा पत्र्याचा डबा राहिला,” त्या वर बघून म्हणाल्या. “आणि पलंगाखालचं पण द्या. सगळं द्या.”

पाचशे लिटरची डिकी भरली. बंपर मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर आडवा गेला आणि आम्ही निघालो.